शशशृंगाचे भय

अत्यंत असत् वस्तूचे उदाहरण द्यावयाचे झाले म्हणजे आपले तार्किक वंध्यापुत्र, आकाशपुष्प आणि शशशृंग या संज्ञांचा आश्रय करीत आले आहेत. त्यांपैकी तिसरी मला सर्वांत अर्थगर्भ वाटते. ससा आहे, शिंगही आहे. नाही तो केवळ त्या दोहोंचा संबंध. शिवाय शिंग हे इजा करण्याचे साधन, आणि ससा हा तर आमच्या कथापरंपरेत इजेपासून पळणाऱ्यांचा प्रतिनिधी. पाठीवर पान पडताच आभाळ कोसळल्याची हाकाटी करणारा ससा मराठी मुलाला अक्षरओळखीच्याही आधी भेटलेला असतो. तेव्हा सशाला शिंग कल्पिण्यात वस्तुस्थितीचा आणि स्वभावाचा असा दुहेरी विपर्यास आहे.

१९७२ साली मेट्रो-गोल्डविन-मेयर या अमेरिकन चित्रसंस्थेने 'नाइट ऑफ द लेपस' नावाचा चित्रपट काढून हे शिंग सशाच्या डोक्यावर प्रत्यक्ष बसविले. विल्यम क्लॅक्स्टन यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात ॲरिझोनातील एका पशुपालकाच्या कुरणावर सशांचा सुळसुळाट होतो. विष न घालता त्यांना आवर घालावा म्हणून एक संशोधक दांपत्य प्रयोगादाखल एका सशाला औषध टोचते. त्यांच्या लहान मुलीचा नेमका त्याच सशावर जीव जडलेला असल्यामुळे ती त्याची पिंजऱ्यात अदलाबदल करते. तो तिच्या हातून निसटतो. आणि लवकरच अजस्र अशा मांसभक्षक सशांचे कळप रात्री वस्त्यांवर चालून येऊ लागतात. हा सारा प्रकार चित्रपटात आद्यंत गंभीर मुद्रेने सांगितला आहे. कोणीही हसत नाही, कोणी डोळा मिचकावीत नाही. पडद्यावर मात्र आपण पाहतो ते असे : छोट्या प्रतिकृतींनी उभारलेल्या रस्त्यातून पाळीव, गुबगुबीत ससे मंदगतीने उड्या मारीत येत आहेत. जेथे अंगावर झेप दाखविणे भाग पडले तेथे सशाचे कातडे पांघरलेला मनुष्य वापरला आहे. निर्मात्यांना या वस्तूचा संकोच वाटत असावा, कारण जाहिरातींत ससा कटाक्षाने टाळला गेला आणि शीर्षकातही त्याचे लॅटिन नाव योजले गेले.

टीकाकारांनी या चित्रपटाची यथेच्छ टवाळी केली, आणि ती अनाठायी होती असे म्हणता येणार नाही. पण त्याच सुमारास निघालेले, रचनेने नेटके आणि अभिनयाने निर्दोष असे कितीतरी चित्रपट आज कोणाच्या स्मरणात नाहीत; हे ससे मात्र अर्धे शतक उलटून गेल्यावरही पाहिले जातात, आणि पाहणारे ते पुन्हा पाहतात. एखादी कलाकृती आपल्या उद्दिष्टात सपशेल फसलेली असावी आणि तरीही तिने आस्वादकाला बांधून ठेवावे, ही घटना समीक्षेला स्वस्थ बसू देणारी नाही. साहित्याला वाहिलेल्या नियतकालिकात असल्या सामग्रीची चर्चा कशासाठी, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. तिला एवढेच उत्तर की, आमची रसमीमांसा मुळात रंगभूमीवर जन्मली, आणि कोणत्याही सिद्धान्ताचे बळ त्याच्या राजमार्गावरील उदाहरणांपेक्षा आडवाटेवरील उदाहरणांत अधिक कळून येते.

हिंस्र प्राण्यांच्या या स्वस्त चित्रपटांना सोयीसाठी 'हिंस्रप्राणिपट' म्हणू. त्यांचा वंश फार जुना नाही. १९५४ साली वॉर्नर ब्रदर्सने 'देम!' हा चित्रपट काढला. अणुस्फोटाच्या चाचण्यांमुळे न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात अजस्र मुंग्या उत्पन्न होतात, ही त्याची कल्पना. तो चांगल्या खर्चाने आणि काळजीपूर्वक केलेला चित्रपट होता. त्याच्या यशानंतर मात्र कोळी, टोळ, खेकडे, जळवा, पाली असा जो प्राणी हाताशी सापडेल तो मोठा करून माणसावर सोडण्याची लाट आली. या चित्रपटांचे घर म्हणजे मोटारीत बसून पाहावयाची उघडी चित्रगृहे, अर्थात ड्राइव्ह-इन. तेथे एका तिकिटात दोन चित्रपट दाखविले जात आणि प्रेक्षकवर्ग मुख्यतः तरुण मुलामुलींचा असे. डल्लस येथील आकाशवाणी-व्यावसायिक गॉर्डन मॅक्लेंडन यांच्या स्वतःच्या मालकीची अशी चित्रगृहे होती. त्यांना चित्रपट पुरविण्यासाठी त्यांनी १९५९ साली टेक्ससमध्येच 'द किलर श्रूज' आणि 'द जायंट गिला मॉन्स्टर' ही जोडी काढली. दिग्दर्शक दोहोंचा एकच, रे केलॉग. हे गृहस्थ ट्वेंटिएथ सेंचुरी-फॉक्स या मोठ्या संस्थेत विशेष दृश्यपरिणामांचे काम केलेले जाणते तंत्रज्ञ होते. तेव्हा पुढे जे घडले त्याचे खापर त्यांच्या अज्ञानावर फोडता येत नाही. तंत्र ठाऊक होते, नव्हता तो पैसा.

'द किलर श्रूज' या चित्रपटापाशी थोडे थांबले पाहिजे, कारण या सबंध प्रकाराचे मर्म त्यात उघडे पडले आहे. 'श्रू' म्हणजे चिचुंद्री. आपल्याकडे रूपापेक्षा दर्पामुळेच जिची ओळख अधिक, असा हा लांबट नाकाचा इवला प्राणी. तिची पचनक्रिया इतकी वेगवान असते की काही तास अन्न न मिळाल्यास ती मरून जाते. चित्रपटातील शास्त्रज्ञ एका बेटावर प्रयोग करीत आहे. जगाची लोकसंख्या वाढते आहे, अन्न अपुरे पडणार आहे. मनुष्याचा देहच लहान करता आला तर त्याला अन्नही कमी लागेल, असा त्याचा हिशेब. प्रयोगाचे फळ मात्र उलटे येते. चिचुंद्र्या कुत्र्याएवढ्या होऊन निसटतात आणि बेटावरचे सर्व काही खाऊन संपवितात. आता खाण्याजोगे एवढेच उरले आहे : मातीच्या भिंतींच्या एका घरात वादळामुळे अडकून पडलेली सहा-सात माणसे. चिचुंद्र्या रात्री भिंत पोखरू लागतात.

या कथानकाला मी मुळीच क्षुद्र म्हणणार नाही. भूक आटोक्यात आणू पाहणाऱ्या बुद्धीतून भूकच मूर्तिमंत होऊन बाहेर पडावी, आणि तिला थोपविण्यास माणसाजवळ केवळ मातीची भिंत असावी, ही कल्पना एखाद्या चांगल्या कथाकाराने आपली म्हणून मिरवावी अशी आहे. शेवटी जिवंत राहिलेली माणसे लोखंडी पिंपे उपडी करून, ती एकमेकांस बांधून, त्यांच्या आत ओणवी होऊन समुद्राच्या दिशेने सरकत जातात. कासवाने आपले कवच उचलून चालावे तशी. हे दृश्य हास्यास्पद आहे हे खरे, पण ते विसरले जात नाही हेही खरे. परंतु चिचुंद्र्या? जवळून दाखविताना लाकडी वाटावी अशी बाहुलीची डोकी, आणि लांबून दाखविताना अंगावर केसाळ आच्छादने व तोंडात खोटे सुळे बसविलेले शिकारी कुत्रे. ते कुत्रे मोठ्या उत्साहाने धावतात. त्यांच्या धावण्यात भूक नाही, क्रौर्य नाही. धन्याने काहीतरी फेकले आहे आणि ते आणावयाचे आहे, एवढीच आस्था त्या धावण्यात दिसते.

असल्या चित्रपटांच्या आकर्षणाचे रूढ स्पष्टीकरण असे की, आपण त्यांना हसतो. सूझन सोंटॅग यांनी १९६४ सालच्या 'कॅम्प'विषयक टिपणांत या वृत्तीला तात्त्विक प्रतिष्ठा दिली. फसलेले गांभीर्य, आणि तेही भाबडेपणाने फसलेले, हे एका विशिष्ट रुचीला सुखावते, असा त्यांचा अभिप्राय आहे. १९८८ साली मिनिआपोलिसच्या एका स्थानिक दूरचित्रवाणी केंद्रावरून सुरू झालेल्या 'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००' या कार्यक्रमाने तर या हसण्याचाच खेळ केला. एक मनुष्य आणि दोन यंत्रमानव प्रेक्षकांसमवेत जुना चित्रपट पाहत बसतात आणि त्यावर शेरे मारीत राहतात. आमच्या परंपरेला या विचाराचे नावीन्य वाटण्याचे कारण नाही. अनौचित्याने कोणत्याही रसाचा आभास झाला की तो हास्याचा विभाव होतो, ही गोष्ट अभिनवगुप्ताने केव्हाच नोंदवून ठेवली आहे. भयानकाचा आभास झाला, हास्य उत्पन्न झाले, प्रकरण संपले.

ते इतक्या लवकर संपत नाही, अशी माझी समजूत आहे. रसाभासाने हास्य होते हे मान्य केले तरी सर्व रसाभास सारखेच का आवडत नाहीत, हा प्रश्न शिल्लक राहतो. फसलेली प्रेमकथा कंटाळवाणी होते. फसलेला ऐतिहासिक चित्रपट तर सोसवत नाही. दहा मिनिटांत खोट्या मिशांची गंमत ओसरते आणि उरते ते वक्तृत्व. मग सशाची आणि चिचुंद्रीची गंमत का ओसरू नये? हसणे हा या अनुभवाचा एक पदर आहे हे निर्विवाद. पण हसणाऱ्यालाही आपण नेमके कशाला हसतो हे ठाऊक नसते, आणि हसून झाल्यावर एक अस्वस्थता त्याच्यापाशी मागे राहते. तिचे कारण फसण्यात नसून प्राण्यात आहे.

येथे भयानक रसाच्या शास्त्रीय उदाहरणाकडे वळणे उपयुक्त ठरेल. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त आणि त्याच्यापूर्वी अभिनवगुप्ताने नाट्यशास्त्राच्या टीकेत भयानकाचे उदाहरण म्हणून जो श्लोक घेतला आहे तो 'शाकुंतला'च्या पहिल्या अंकातला : दुष्यंताचा रथ पाठीवर आहे आणि हरिण मान वळवून वळवून मागे पाहत पळते आहे. अभिनवगुप्ताचे विवरण असे की, येथे ते हरिण अमुक एक हरिण राहत नाही, भिवविणाराही पारमार्थिक राहत नाही. देश आणि काल यांच्या मर्यादेतून सुटलेले केवळ भय सहृदयाच्या प्रत्ययास येते. हे विवरण शतकानुशतके अभ्यासिले गेले आहे, तरी त्यातली एक साधी गोष्ट क्वचितच बोलून दाखविली जाते. भयानकाचा आदर्श म्हणून आमच्या शास्त्रकारांनी माणसाचे भय निवडले नाही. प्राण्याचे निवडले, आणि तेही माणसापुढचे. भरताने भयानकाचे विभाव सांगताना विकृत आवाज, कोल्ह्या-घुबडांची ओरड, ओसाड घरे, अरण्ये अशी सामग्री दिली आणि भय हे स्त्रिया व नीच प्रकृतीची माणसे यांच्याकडे सोपविले; उत्तम प्रकृतीचा पुरुष भ्यालेला दाखवावयाचा नाही, ही अडचण पुढच्यांना वारशाने मिळाली होती. कदाचित म्हणूनच निर्मळ भयासाठी त्यांना हरिणाकडे जावे लागले.

हिंस्रप्राणिपटात हा श्लोक उलटा झालेला आहे. मान वळवून पळणारा आता मनुष्य आहे, आणि तो सामान्य मनुष्य नव्हे. तो शास्त्रज्ञ आहे, जहाजाचा कप्तान आहे, शेरीफ आहे, कुळाचा कर्ता पुरुष आहे. म्हणजे जुन्या परिभाषेतील उत्तम प्रकृती. रथावर कोण आहे म्हणाल, तर हरिणच. किंवा त्याहून अवमानकारक असा ससा. वाघ किंवा सिंह माणसाला खातो तेव्हा माणसाची प्रतिष्ठा फारशी जात नाही. शिकाऱ्यांच्या सबंध वाङ्मयाने वाघाला तुल्यबळ शत्रू ठरवून ती राखली आहे. सशाने खाल्ल्यास मात्र काहीच उरत नाही. बौद्ध जातकांतला ससा अतिथीला देण्यास आपल्याजवळ काही नाही म्हणून स्वतःच अग्नीत उडी घालतो, आणि त्याची आठवण म्हणून चंद्रावर त्याची आकृती राहिली, असे सांगितले जाते. अन्न होणे हेच ज्याचे पुण्य, तो आता माणसाला अन्न समजतो. प्रेक्षकाच्या हसण्याच्या खाली जे काही हलते ते या उलटापालटीमुळे.

माणूस हाही अन्न आहे ही गोष्ट सुधारलेल्या समाजाला विसरावीशी वाटते. ऑस्ट्रेलियातील तत्त्वचिंतक व्हॅल प्लमवुड यांच्यावर १९८५ साली काकडू येथे नावेतून एकट्या जात असताना खाऱ्या पाण्यातील मगरीने हल्ला केला. तीन वेळा मगरीने त्यांना पाण्याखाली फिरविले आणि तरीही त्या वाचल्या. पुढे या अनुभवावर लिहिताना त्यांनी दोन गोष्टी आग्रहाने सांगितल्या. एक ही की, आपण कोणाचे तरी भक्ष्य असू शकतो हे पाश्चात्त्य संस्कृतीने आपल्या आत्मप्रतिमेतून पुसून टाकले आहे. दुसरी ही की, त्या प्रसंगानंतर मगरीला शोधून मारण्याची जी भाषा सुरू झाली ती त्यांना मान्य नव्हती. अतिक्रमण मगरीने नव्हे, आपण केले होते. तैत्तिरीय उपनिषदाच्या अखेरीस स्वतःला अन्न म्हणविणारा आणि अन्नाचा भोक्ताही म्हणविणारा जो आनंदोद्गार आहे, त्याच्याशी परिचय असलेल्या वाचकाला यातला पहिला विचार परका वाटू नये. मात्र उपनिषदातला आनंद मगरीच्या जबड्यात टिकतो किंवा नाही याची परीक्षा भाष्यकारांना सहसा द्यावी लागली नाही. सांगावयाचे ते एवढेच की, स्वस्त हिंस्रप्राणिपट हा या विस्मृत ज्ञानाचा एक ओबडधोबड पाठ आहे. प्रतिष्ठित कला जे बोलत नाही ते तो बोलतो, आणि तो अप्रतिष्ठित असल्यामुळेच त्याला बोलू दिले जाते.

यात चित्रपटाच्या कथेचे श्रेय सांगितले गेले. पण त्याच्या दारिद्र्याचे श्रेय अजून सांगावयाचे आहे, आणि माझ्या मते ते अधिक मोठे आहे. श्रीशंकुकाने नटाच्या ठिकाणी होणाऱ्या रामाच्या प्रतीतीला चित्रतुरगाची उपमा दिली. भिंतीवर रंगविलेला घोडा पाहून 'हा घोडा' असे आपण म्हणतो. ते ज्ञान सत्य नव्हे, मिथ्या नव्हे, संशय नव्हे, सादृश्यही नव्हे. हिंस्रप्राणिपटात चित्रतुरग उलट दिशेने धावतो. येथे रंगविलेली वस्तू घोडा म्हणून पुढे येत नाही; खराखुरा, जिवंत, श्वास घेणारा प्राणी रंगविलेली वस्तू म्हणून पुढे केला जातो, आणि तो ती भूमिका पत्करीत नाही. नट रामाची भूमिका पत्करतो. सशाने काही पत्करलेले नाही. त्याला आपण नरभक्षक असल्याची वार्ताच नाही. नरसिंह चिंतामण केळकरांनी आस्वादाला 'सविकल्प समाधी' म्हटले तेव्हा त्यांना एकाच रसिकाच्या ठिकाणी दोन जाणिवांचे सहवास्तव्य अभिप्रेत होते : परकायेत शिरल्याची जाणीव आणि स्वतःचे भान. या चित्रपटांत आणखी एक जाणीव पडद्यावर वावरत असते. कथेबाहेरची, कथेविषयी पूर्ण उदासीन अशी ती त्या प्राण्याची जाणीव.

बर्ट गॉर्डन यांच्या 'बिगिनिंग ऑफ द एंड' (१९५७) या चित्रपटात अजस्र टोळ शिकागो शहरावर चढाई करतात. ती चढाई अशी घडविली आहे : इमारतींची मोठी छायाचित्रे मांडून त्यांवर नेहमीचे टोळ चालविले. एका जागी टोळाचा पाय इमारतीच्या कडेवरून पुढे पडतो आणि तो आकाशावर उभा राहतो. त्याच्या लेखी इमारत आणि आकाश यांत भेद नाही. दोन्ही कागद आहेत, आणि ही गोष्ट दिग्दर्शकापेक्षा त्याला अधिक ठाऊक आहे. 'द जायंट गिला मॉन्स्टर'मधला सरडा खेळण्यातल्या पुलापाशी येऊन जीभ बाहेर काढतो आणि विचार करीत राहतो. माणसे आणि तो एकाच चौकटीत कधीच येत नाहीत. 'फ्रॉग्ज' (१९७२) या चित्रपटाच्या भित्तिपत्रकावर बेडकाच्या तोंडात माणसाचा हात होता. चित्रपटात साप, पाली, कोळी, जळवा हे सगळे माणसांना मारतात. बेडूक मात्र कोणाला इजा करीत नाहीत. चाकांच्या खुर्चीला खिळलेला एक उद्दाम कुलपुरुष (ती भूमिका रे मिलंडने केली आहे) आपल्या जमिनीवर विषाची फवारणी करवितो, आपला वाढदिवस थाटाने साजरा करू पाहतो, आणि बेडूक पाहत राहतात. कॅमेरा बेडकाकडे पाहतो, बेडूक कॅमेऱ्याकडे. या पाहण्याइतके परिणामकारक असे त्या चित्रपटात दुसरे काही नाही, आणि ते कोणी निर्माण केलेले नाही. कथा प्राण्यावर खुनाचा आरोप ठेवते आणि त्याच क्षणी चित्र त्याला निर्दोष सोडते. सुबत्तेच्या चित्रपटात ही सुटका होत नाही. तेथे आरोप आणि पुरावा दोन्ही एकाच कारखान्यात तयार होतात. 'जॉज' (१९७५) या चित्रपटाची मूळ कादंबरी लिहिणारे पीटर बेंचली पुढील आयुष्यात शार्क माशांच्या संरक्षणासाठी झटत राहिले. आपल्या कथेने त्या जातीविषयी जी भीती पसरविली तिची रुखरुख त्यांनी बोलून दाखविली होती. 'द किलर श्रूज' पाहून चिचुंद्रीचे काही वाईट झाले असेल असे मला वाटत नाही.

भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्याला यात एक ओळखीची गोष्ट दिसते. अगदी सफाईदार भाषांतरात मूळ भाषा नाहीशी होते. वाईट भाषांतरात ती आच्छादनाखालून शेपटीसारखी बाहेर डोकावते. आमच्या व्यवसायात आम्ही तिला आत ढकलीत राहतो आणि ते योग्यच आहे. तरी जुनी, ओबडधोबड भाषांतरे वाचताना त्या डोकावणाऱ्या शेपटीनेच कित्येकदा मूळ ग्रंथ जिवंत असल्याची खूण पटविली आहे. 'नाइट ऑफ द लेपस' हेही एका अर्थी असेच रूपांतर आहे. त्याच्या मुळाशी रसेल ब्रॅडन यांची 'द इयर ऑफ द अँग्री रॅबिट' (१९६४) ही ऑस्ट्रेलियन कादंबरी आहे, आणि ती भयकथा नसून राजकीय उपहास आहे. सशांच्या नाशासाठी शोधलेल्या विषाणूतून महासंहारक अस्त्र हाती येते, ऑस्ट्रेलियाचा पंतप्रधान त्याच्या बळावर जगाला वेठीस धरतो आणि इकडे स्वदेशात राक्षसी ससे माजतात. ज्या देशात १८५९ साली शिकारीच्या हौसेसाठी दोन डझनांच्या आत-बाहेर ससे सोडले गेले आणि पुढे कुंपणे व साथीचे रोग वापरूनही ते आवरेनात, त्या देशातील वाचकाला यातला उपहास लगेच कळला असणार. चित्रपटाने प्रसंगस्थळ ॲरिझोनात हलविले, पंतप्रधान गाळला, अस्त्र गाळले, आणि ससे तेवढे ठेवले. प्रारंभी ऑस्ट्रेलियातील सशांच्या उपद्रवाची वार्तापटातली खरी दृश्ये दाखविली आहेत. तीच काय ती मुळाची खूण. हास्याचे कारण काढून टाकले आणि हास्यवस्तू शिल्लक ठेवली. लेखक हसत होता तेथे आता कोणीच हसत नाही, म्हणून ते काम प्रेक्षकाकडे आले. उपहासाचे भाबडेपणात झालेले असे रूपांतर अन्यत्र माझ्या पाहण्यात नाही. त्यातही एक गोष्ट लेखकाला सुचली नसती अशी आहे : अखेरीस सशांचा कळप वीज सोडलेल्या रुळांकडे हाकण्यासाठी ड्राइव्ह-इन चित्रगृहात चित्रपट पाहत बसलेल्या लोकांना मोटारींचे दिवे लावून रांगेत उभे केले जाते. ज्या प्रेक्षकांसाठी चित्रपट काढला त्यांनाच सशांपुढे आणून उभे केले आहे. हे जाणूनबुजून केले असते तर मोठी क्लृप्ती ठरली असती.

जाणूनबुजून केलेले प्रयोग पुढे झालेच. 'शार्कनेडो' (२०१३) या दूरचित्रवाणीपटात चक्रीवादळ शार्क मासे उचलून शहरावर फेकते. आपण हास्यास्पद आहोत हे त्याला प्रारंभापासून ठाऊक आहे, आणि प्रेक्षकांनाही ते ठाऊक आहे हेही ठाऊक आहे. त्याला लोकप्रियता अमाप मिळाली, पुढचे भागही निघाले. मला तो पाहवला नाही. विदूषकाने आपल्याच विनोदाला आधी हसावे तसा तो प्रकार आहे. पण खरी उणीव शहाणपणाची नाही. त्यात प्राणीच नाही. ते मासे संगणकाने काढलेले आहेत आणि जे सांगावे ते निमूटपणे करतात. कथेशी असहमत होणारे पडद्यावर कोणी उरलेले नाही.

परंतु खऱ्या प्राण्याच्या असहमतीची किंमत कोणी दिली, हे पाहिल्यावाचून ही स्तुती पुरी करता येत नाही. जॉन 'बड' कार्डोस यांच्या 'किंगडम ऑफ द स्पायडर्स' (१९७७) या चित्रपटासाठी सुमारे पाच हजार जिवंत टॅरंटुला कोळी आणल्याचे सांगितले जाते. कीटकनाशकांच्या फवारणीने कोळ्यांचे नेहमीचे भक्ष्य नष्ट झाले, म्हणून ते एकत्र येऊन गुरे आणि माणसे मारू लागले, असे कथानक आहे. म्हणजे दोष माणसाच्या विषाचा, हे चित्रपट स्वच्छ सांगतो. परंतु हे केसाळ कोळी स्वभावतः बुजरे असतात. ते माणसापासून दूर पळत, आणि त्यांना 'बळी'च्या दिशेने सरकविण्यासाठी पंख्यांचा आणि हवेच्या नळ्यांचा उपयोग करावा लागे. कोळी तिकडे जाण्यास तयार नाही आणि वारा त्याला ढकलतो आहे, हे जाणून त्या चौकटी पुन्हा पाहिल्या म्हणजे हरिणाच्या त्या श्लोकाकडे परत यावे लागते. पळणारा कोण आणि पाठीवर कोण, याविषयी मग संशय राहत नाही. शेवटी गावात गोंधळ माजतो, माणसे धावतात, मोटारी धावतात, आणि कोळी बुटांखाली व चाकांखाली चिरडले जाताना दिसतात. ते मरण खोटे वाटत नाही. 'द किलर श्रूज'मधल्या कुत्र्यांच्या अंगावरची आच्छादने चित्रण संपल्यावर उतरविली गेली असतील. येथे उतरविण्यासारखे काही नव्हते. चित्रपटाच्या अखेरच्या दृश्यात नायक खिडकीवरची फळी काढून बाहेर पाहतो, तेव्हा सबंध गाव कोळ्याच्या जाळ्यात गुंडाळलेले दिसते. ते दृश्य रंगविलेले आहे, आणि रंगविलेले असल्याचे कोणालाही कळते.